जुनी फोर बाय फोर चढावर सारखी तापते: दीड वर्ष शोधून शेवटी काय सापडलं

सपाट रस्त्यावर तासन्‌तास पळवा, काटा मधल्या रेषेवरून हलत नाही, आणि लो रेशोत, म्हणजे कमी वेग आणि जास्त ताकदीच्या गिअरमधे, टाकून दगडधोंड्यातला चढ सुरू केला की पंधरावीस मिनिटांत काटा लाल पट्ट्याला जाऊन टेकतो. माझ्या जुन्या डिझेल गाडीने दीड वर्ष हेच केलं. मधेच दोनतीन महिने गप्प बसायची, वाटायचं सुटलं एकदाचं, आणि ऊन वाढलं की परत पहिले पाढे पंचावन्न. या काळात थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बदलला, वॉटर पंप बदलला, रेडिएटर उतरवून आतून साफ करून घेतला, कूलंट तीनदा बदललं, आणि दर वेळी "हेच होतं बघ" असं स्वतःला सांगितलं. कोणाची गाडी अशीच येऊनजाऊन तापत असेल तर त्याच्यासाठी लिहितोय, कारण मी जे पार्ट बदलले ते सगळे चांगले होते, घोळ माझ्या शोधायच्या पद्धतीत होता.

शोधण्याआधी एक गोष्ट, गाडी रस्त्यात तापली तर काय करायचं. काटा वर चढताना दिसला की एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, काचा खाली. उन्हात हे करणं म्हणजे शिक्षाच, पण हीटरचा कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, तेवढी उष्णता तरी बाहेर पडते. पाणी कुठून गळत नसेल, वाफ येत नसेल, तर सावलीत उभी करून न्यूट्रलमधे १२०० ते १५०० आरपीएमवर ठेवा, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही बऱ्यापैकी फिरतात आणि काटा हळूहळू खाली येतो. पण होज फुटलाय, वाफ येतेय, किंवा काटा वर जाऊन अचानक एकदम खाली पडला, तर त्याच क्षणी इंजिन बंद. काटा पडला म्हणजे गार झाली असं वाटतं, खरं तर सेन्सरभोवतीचं पाणीच संपलेलं असतं आणि तो नुसती हवा मोजत बसतो. यात कित्येकांची हेडं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडरवरचे भाग, गेलीत. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही, प्रेशर सुटलं की आतलं पाणी तिथल्या तिथे उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. अर्धापाऊण तास बसून राहायचं, दुसरा इलाज नाही.

आता मूळ मुद्दा. गाडी कधी तापते हे आधी वहीत लिहून काढा. मी हे सगळ्यात शेवटी केलं, करायला हवं होतं सगळ्यात आधी. उभ्या गाडीत किंवा कमी वेगात तापते आणि वेग घेतला की उतरते, तर बहुतेक हवेचा प्रॉब्लेम, म्हणजे पंखा, पंख्याचा क्लच, बाहेरून चोंदलेला रेडिएटर. उलट, हळू चालवताना ठीक आणि हायवेला वेगात किंवा लोड घेऊन लांब चढावर तापते, तर पाण्याच्या फिरण्याचा, म्हणजे आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप, आत ओढला जाणारा खालचा होज. स्टार्ट केल्यावर पाचसात मिनिटांतच वर जाते तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा आत हवा राहिलीये. आणि वेगाचा, लोडचा काही संबंधच नाही, मनाला येईल तेव्हा काटा उडतो, तर आधी काट्यावरच संशय घ्या. माझी गाडी कमी वेगात तापत होती, चढावर का असेना पण वेग माणसाच्या चालीएवढा, आणि वारा मागून असला की जास्तच. हे मी कागदावर लिहिलं असतं तर पंपाला हातच लावला नसता.

काट्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण जुन्या गाड्यांत तो सर्रास खोटं बोलतो. हेडलाइट लावले की काटा हलतो का बघा, हलला तर अर्थिंग खराब आहे, इंजिन ते चेसिस ते बॅटरी या पट्ट्या काढून घासून परत घट्ट करा. डिझेलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदमच वर दाखवायला लागले तर बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो तो गेलेला असतो, इंजिनाचा काही दोष नसतो. याच्या उलट प्रकारही आहे, काही गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो, ७५ अंश असो की १००, तो मधेच उभा राहणार, म्हणजे तो हलायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मी वेगळा आकड्यांचा गेज बसवला, त्याचा सेन्सर हेडमधून पाणी बाहेर येतं तिथे, आणि सोबत एक इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवला. चकचकीत पितळ किंवा अल्युमिनियमवर तो चुकीचा आकडा दाखवतो, त्यामुळे जिथे मोजायचं तिथे काळी टेप चिकटवा नाहीतर काळा रंग मारा.

मग एकेक गोष्ट बघत जायची, पण सोप्याकडून अवघडकडे. सगळ्यात आधी रेडिएटरचं झाकण. कोणी लक्ष देत नाही त्याच्याकडे, मीही दिलं नव्हतं. नुसतं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशाला उकळतं, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंशाने कमी होत जातं, म्हणजे ३००० मीटरवर ९० अंशालाच उकळी. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं केलं की तेच १०७ च्या आसपास जातं, आणि वर ०.९ बारचं झाकण धड काम करत असेल तर १२५ च्या पुढे. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की हे वरचे वीस अंश गेले, पाणी आधीच उकळून कूलंटच्या बाटलीत जायला लागतं आणि माणूस म्हणतो गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात, मधला छोटा व्हॉल्व्ह गार होताना बाटलीतलं पाणी परत आत घेतो, तो चिकटला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. झाकण बदलताना मूळ झाकणावर जे प्रेशर लिहिलंय तेच घ्या, जास्त प्रेशरचं लावून जुने होज आणि हीटर कोअर फोडून घेऊ नका.

थर्मोस्टॅट तपासायला दहा मिनिटं लागतात. काढा, भांड्यात पाणी घेऊन दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर, आणि गरम करत जा. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, बऱ्याच डिझेलमधे ८२, त्या सुमाराला उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि बाराएक अंश पुढे गेल्यावर पूर्ण उघडलेला दिसला पाहिजे. परत बसवताना त्याच्या प्लेटवर जे छोटं हलतं पिनसारखं असतं ते सहसा वरच्या बाजूला ठेवतात, हवा तिथूनच सुटते.

आणि इथे एक सल्ला सगळेच देतात, "थर्मोस्टॅट काढूनच टाक, पाणी मोकळं फिरू दे". मीही काढला होता, महिनाभर. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते, तो उघडला की ती चकती बायपासचं भोक बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा, म्हणजे बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न शिवता परत इंजिनातच फिरत राहतं. सपाटीवर इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त पितं, आणि चढावर मात्र आधीपेक्षा लवकर तापतं. नवीन परवडत नसेल तर जुनाच राहू दे, पण काढून टाकू नका.

गॅस्केटची भीती सगळ्यांना असते म्हणून ती आधीच मोडून काढा. सकाळी गार इंजिन, झाकण उघडा, काठोकाठ भरा, स्टार्ट करा. थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच सतत बारीक बुडबुडे येतायत, थांबतच नाहीयेत, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय. दुसरी खूण म्हणजे झाकण लावून गार इंजिन स्टार्ट केल्यावर एकदोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो, पाणी गरम व्हायच्या आत. डिपस्टिकवर दुधासारखं तेल, गोडसर वासाचा पांढरा धूर, बाटलीतली पातळी रोज वाढणं, यातलं काही असेल तर संशय पक्का. रसायनाची टेस्ट किट मिळते, निळा द्रव असतो, त्यातून रेडिएटरमधली हवा ओढली आणि रंग बदलला की जळलेला गॅस आत आहे असं समजायचं. माझ्याकडे रंग निळाच राहिला. एक मेकॅनिक तर पाने काढून हेड उतरवायलाच निघाला होता, बरं झालं थांबवलं, कारण जुन्या इंजिनाचं हेड एकदा उघडलं की लेथवर फेस मारणं, बोल्ट, व्हॉल्व्ह असं सगळं एकामागून एक निघत जातं.

खालचा होज ही फार छुपी जागा आहे. तो पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असतो, आत एक स्प्रिंग असते ती गंजून गळून गेली की जास्त आरपीएमला होज चपटा होतो आणि पाणी अडतं, आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मात्र एकदम गोल आणि निरोगी दिसतो. कोणाला तरी गाडीत बसवून २५००-३००० आरपीएम धरायला सांगा आणि तुम्ही लांबून टॉर्च मारून बघा, हात, बाही, मफलर, सगळं पंख्यापासून दूर ठेवून. वॉटर पंपाच्या पोटाला एक छोटं भोक असतं, तिथून ओघळ असेल तर सील गेलंय. भोक कोरडं असूनही आतली पाती गंजून अर्धी झालेली असू शकतात, ते उघडल्याशिवाय कळत नाही. बेल्ट तर बघाच, चकाकी आलेला बेल्ट ताणून बसवला तरी घसरतो.

आता माझ्या गाडीत काय निघालं ते. इंजिन पूर्ण गरम करून, उभ्या गाडीत, थर्मामीटरने रेडिएटरची वरची टाकी ९८, खालची ९५. सगळी जाळी मोजली, कुठेच गार पट्टा नाही. गार पट्टा असता तर त्या नळ्या आतून बंद आहेत असा अर्थ झाला असता. वरून खाली येताना खूप जास्त फरक पडला असता तर पाणी फारच हळू फिरतंय असं म्हणता आलं असतं. इथे फरकच नाही, म्हणजे पाणी नीट फिरतंय, सगळ्या नळ्यांतून जातंय, पण उष्णता सोडतच नाहीये. उष्णता घेऊन जाणारी हवाच येत नाही. दीड वर्षात पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला, आणि तोही तीन अंशांच्या फरकामुळे.

ग्रिलसमोर साधा कागद धरला, धड पंखा असेल तर तो जाळीला चिकटायला हवा, माझा नुसता थरथरला. पंख्यावर व्हिस्कस क्लच आहे, म्हणजे मधे सिलिकॉनचं जाड तेल आणि पुढे बायमेटलची गुंडाळी, रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की गुंडाळी झडप उघडते, तेल आत जातं आणि पंखा पुलीबरोबर जोरात फिरायला लागतो. चांगल्या क्लचची एक सोपी खूण आहे, रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केली की पहिलं मिनिटभर पंख्याचा मोठा घोंघाट येतो आणि मग तो शांत होतो. माझ्या गाडीत हा आवाज कधी बंद झाला ते मला आठवतसुद्धा नाही, मी तर गाडी मऊ चालते म्हणून खूश होतो. गरम इंजिन बंद करून, चावी खिशात घेऊन, पंखा हाताने फिरवला तर चांगलाच अडला पाहिजे, माझा तीनचार फेरे मजेत फिरला. हबवर तेलाच्या रेषा होत्या, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. म्हणजे तेल कधीच गळून गेलं होतं. काही क्लच उघडून त्यात सिलिकॉन तेल परत भरता येतं, माझा सीलबंद होता, पूर्णच बदलला.

दुसरं निघालं ते एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधे. समोरून कंडेन्सर स्वच्छ, मागून रेडिएटर स्वच्छ, आणि मधल्या दोन बोटांच्या फटीत वाळलेला चिखल, गवताचं बी, किडे यांचा थर, अक्षरशः विटेसारखा. चिखलातून गाडी घातली की पंखा तो आत ओढतो आणि तो तिथेच वाळतो, दर वेळी थोडाथोडा. मी जो रेडिएटर "साफ" करून घेतला होता तो आतून, आणि तेव्हा बाहेरून जेवढं निघालं तेवढं निघालं, पण कंडेन्सरची मागची बाजू कोणी बघितलीच नाही. साफ करताना पाणी इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेने मारायचं, साध्या नळाच्या जोराने, आधी रात्रभर भिजवून. प्रेशर वॉशर जवळ धरला की जाळीची पातळ पाती आडवी होतात, आणि आडवी पाती म्हणजे हवा कायमची बंद. मुडपलेली पाती बारीक चिमट्याने सरळ करत बसलो, दोन संध्याकाळी गेल्या, पाठ गेली ती वेगळी.

तिसरं मात्र माझंच पाप. पंप बदलताना पंख्याभोवतीच्या श्राउडचा खालचा अर्धा भाग काढला होता, एक बोल्ट तुटला, म्हटलं नंतर लावू, आणि तो शेडमधे फळीवर राहिला. गाडी पंप बदलल्यानंतर आधीपेक्षा लवकर तापायला लागली होती आणि मी नव्या पंपाला शिव्या देत होतो! श्राउड म्हणजे शोभेचं प्लास्टिक नाही. तो नसेल तर पंखा फक्त आपल्या पात्यांसमोरच्या गोलातून हवा ओढतो, चारही कोपरे बेकार, शिवाय इंजिनाकडची गरम हवा खालून फिरून परत पंख्यातच येते. पात्याची साधारण अर्धी जाडी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर असावी. वेगात गेल्यावर समोरून वारा मिळतो म्हणून श्राउडची उणीव कळत नाही, म्हणूनच सपाट रस्त्यावर माझी गाडी ठणठणीत होती.

यातला एकही दोष एकटा असता तर कदाचित गाडी तापलीच नसती. नवीन गाडीच्या कूलिंगमधे भरपूर शिल्लक असते. क्लचने त्यातली थोडी खाल्ली, चिखलाने थोडी, श्राउडने थोडी, झाकणाने थोडी. मी मधे कूलंट बदललं किंवा रेडिएटर आतून साफ केला की थोडी शिल्लक परत यायची, थंडीचे महिने त्यावर निघायचे, आणि ऊन आलं की तीही संपायची. म्हणून दर वेळी वाटायचं की सापडलं. जुन्या गाडीत "नेमका कुठला पार्ट गेलाय" हा प्रश्नच बऱ्याचदा चुकीचा असतो, कारण पूर्ण असा कुठलाच गेलेला नसतो, चारपाच जण अर्धे अर्धे गेलेले असतात.

याच हिशोबाने बाकीचंही बघून घ्या. ग्रिलसमोर विंच, जाड बंपर आणि चार मोठे दिवे लावले तर हवा अडणारच, निदान दिवे बाजूला घ्या. रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या गळून गेल्यात का, हवा सोपी वाट शोधते आणि बाजूने निघून जाते. कोणी डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून ठेवलाय का, चढावर काळा धूर सोडत असेल तर जादा डिझेलची उष्णताही वाढणारच. ब्रेक कुठल्या चाकाला घासतोय का. आणि नदीनाल्यातून जाताना पंखा पाण्यात शिरला तर त्याची पाती वाकून रेडिएटरला लागू शकतात, खोल पाणी असेल तर ग्रिलवर ताडपत्री बांधून, न थांबता, सारख्या वेगाने जायचं आणि बाहेर आल्यावर ताडपत्री लगेच काढायची. ती विसरून पुढचा चढ चढणारे लोक मी बघितलेत. एकदा तर स्वतःच होतो.

चालवायच्या सवयीनेही फरक पडतो. मोठ्या गिअरमधे इंजिन दाबून चढवू नका, लो रेशोत टाका, आरपीएम वाढतात, पंप आणि पंखा जोरात फिरतात आणि इंजिनावरचा ताण कमी होतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर हे दुप्पट लागू, कारण हळू चढताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड, घसरत राहतो आणि त्याचं तेल बहुतेक वेळा रेडिएटरच्याच टाकीतून गार होतं, म्हणजे ती उष्णताही त्याच पाण्यात.

कूलंट भरताना हवा राहू देऊ नका. गाडीचं तोंड चढावर, हीटरचा नॉब गरमवर, झाकण उघडं, हळूहळू भरायचं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आयडल, मधे वरचा होज हाताने दाबत राहायचं. डिस्टिल्ड पाणी वापरा, नळाच्या पाण्याचा क्षार आत बसतो. वेगवेगळ्या जातीचं कूलंट मिसळू नका, त्याचा गाळ होऊ शकतो. सांडलेलं ताबडतोब धुवा, चवीला गोड लागतं म्हणून कुत्रीमांजरी चाटतात आणि ते जबरदस्त विषारी असतं.

तर नवा क्लच, साफ केलेली फट, जागेवर आलेला श्राउड आणि नवीन झाकण, एवढ्यावर तोच चढ, तसंच ऊन, आणि गेज ९३ च्या वर गेला नाही, आधी याच जागी १०६ बघितलेत. सकाळी पंखा परत घोंघावतो, घरातले ओरडतात, मला बरं वाटतं. अजून एक काम राहिलंय, ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाचा, ड्रेन प्लग. रेडिएटरमधून पाणी काढलं तरी ब्लॉकमधलं निम्मं आतच राहतं आणि गंजाचा गाळ मागच्या सिलिंडरच्या तळाशी साचतो. माझा प्लग इतका गंजलाय की पाना घसरतोय, दोन दिवस भेदक तेल मारून ठेवलंय, रविवारी परत बघतो.